चालत्या सर्व्हरवर 'फोर्स' नको

चूक सर्व्हरची नव्हती, माझीही नव्हती. ठेकेदार कंपनीनं ते मान्य करेपर्यंत खरीप हातचा गेला, म्हणून हे लिहितो आहे.

यवतमाळच्या सोळाही तालुक्यांत शेतकऱ्यांना पावसाचे मेसेज जायचे. मागची सगळी कामं ईसीफ्लोवर, म्हणजे कामं ठरल्या क्रमानं आणि वेळेला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लावलेली. एक सूट, त्यात तालुकावार फॅमिली. ऐन पेरणीत झरी-जामणीचा एकच टास्क बदलायचा होता. ठेकेदार कंपनीच्या माणसानं तो रात्री, मला न विचारता बदलला.

सकाळी उमरखेडहून फोन. "भाऊ, काल मेसेज म्हणे पाणी नाही, आज म्हणते उद्या जोरात हाय. पेरू का नोको?" बियाण्याची बॅग फोडून बसलेल्या माणसाला काय सांगायचं? कंपनीचे साहेब मात्र बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "यवतमाळची लाइन सारखी जाते, तिकडचंच काहीतरी असेल."

मी लॉग उघडला. ईसीफ्लो प्रत्येक आज्ञेपुढे ती देणाऱ्याचं युजरनेम लिहून ठेवतो. तिथं रिप्लेसच्या दोन ओळी लागोपाठ होत्या. पहिली साधी, पण झरी-जामणीची नव्हे, अख्ख्या सूटची. टास्क चालू असताना असा बदल सर्व्हर नाकारतो आणि जबरदस्ती केली तर झोंबी, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीशी मेळ तुटलेली चालू कामं, तयार होतील असं बजावतोही. दुसरी ओळ तीच, फक्त शेवटी 'फोर्स'. युजरनेम त्यांच्याच माणसाचं. त्या ओळी मी बैठकीत वाचून दाखवल्या. माफी सोडा, कोणी वर मानही केली नाही.

सर्व्हरवर चढवलेली सूटची व्याख्या त्या माणसाच्या लॅपटॉपवरची, जुनी होती. आम्ही सर्व्हरवरच अल्टर आज्ञेनं केलेले बदल गेले. रिपीटची तारीख मागे सरकली, टास्क पुन्हा रांगेत लागले आणि शिळा अंदाज ताजा म्हणून गेला. मेसेजमध्ये तारीख घाला, हे मी आधीच सांगितलं होतं. मराठी एसएमएसमध्ये 70 च अक्षरं बसतात, असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगतो. फाइल कुणाच्या लॅपटॉपवरून घेऊ नका. गेट आज्ञेनं त्या क्षणाची व्याख्या सर्व्हरकडूनच मागा आणि तिच्यात बदल करा. पाथ लहानात लहान द्या. टास्क बदलायचा तर टास्कचाच, सूटचा नाही. आधी वरचा नोड सस्पेंड करा, चालू कामं संपू द्या. मग फोर्सची गरजच पडत नाही. रिप्लेसनंतर रिपीटची तारीख, व्हेरिएबल आणि ट्रिगर डोळ्यांनी तपासा, तेव्हाच रिझ्यूम करा.

सगळ्यात महत्त्वाचं चेकपॉइंटचं. सर्व्हर ठरावीक वेळानं, मुळात दर 120 सेकंदांनी, आपली स्थिती फाइलमध्ये लिहितो आणि आधीची फाइल बॅकअप म्हणून ठेवतो. म्हणजे चार-पाच मिनिटांत दोन्हींत बिघडलेलंच उरतं. आमच्याकडे तेच झालं, परतीची वाट राहिली नाही. म्हणून आज्ञा देण्याआधी चेकपॉइंट घ्या आणि त्याची प्रत दुसऱ्या डिरेक्टरीत ठेवा.

झोंबी झालेच तर घाईनं मारू नका. आधी यादी काढा, खरंच चालू असलेलं काम कोणतं ते बघा, मग ठरवा. 

आणि ठेका देणाऱ्यांना एक विनंती. जून-जुलैमध्ये चालत्या सूटवर हात घालायचा तर जिल्ह्यातल्या माणसाची लेखी संमती लागेल, ही अट करारातच घाला. शेतकऱ्यांचे फोन त्यालाच येतात.