हजार तुकड्यांचे चित्र : एका चुकीचा अभ्यास

माझे थोरले बंधू अण्णा यांची सारी नोकरी डांगमधील आहवा येथे शिक्षक म्हणून झाली. निवृत्तीनंतर ते सुरतेस आमच्याकडे राहावयास आले. पंचाहत्तरीनंतर त्यांना विस्मरण जाणवू लागले आणि तपासण्यांअंती स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभाचे निदान झाले. ‘मेंदूला व्यायाम हवा’ हा सल्ला मी रुग्णांना नेहमी देत असे. त्याच उत्साहाने मी त्यांच्यापुढे १००० तुकड्यांचे जिगसॉ चित्रकोडे मांडले. चित्र वारली शैलीतील होते : गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांतील मोर, हरणे, वाघ, साप आणि झाडे. वारली वस्त्या त्यांच्या परिचयाच्या. म्हणून ते रमतील, असे वाटले. चौथ्या दिवशी त्यांनी तुकडे डब्यात भरले व म्हणाले, “मला आता काहीच येत नाही रे.”

हे कोडे इतके कठीण का, याचा विचार मी त्यानंतर केला. २५ ओळी व ४० रांगांच्या कोड्यात कडेचे तुकडे केवळ १२६, म्हणजे आठांत एक. उरलेल्या ८७४ तुकड्यांना सरळ कडेचा आधार नाही. छायाचित्रातील वाघाचा तुकडा पट्ट्यांवरून ओळखता येतो. वारली चित्रात मात्र वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा एवढीच सामग्री. सुटी पांढरी रेषा हरणाचा पाय, फांदी किंवा साप, काहीही असू शकते. रंगही दोनच. त्यामुळे आकार मनात फिरवून पाहणे आणि संपूर्ण चित्र स्मरणात धरणे, या दोन्ही शक्तींवर ताण येतो. अण्णांच्या नेमक्या त्याच शक्ती क्षीण होत होत्या.

शास्त्रीय पुरावाही मी उशिराच वाचला. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पन्नाशीपुढील १०० निरोगी व्यक्ती होत्या. एका गटाने ३० दिवस, रोज किमान एक तास कोडी जुळविली. दीर्घकाळ हा छंद असणाऱ्यांची दृश्य-अवकाशीय क्षमता चांगली आढळली. परंतु महिन्याभराच्या सरावाने तुलना-गटापेक्षा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची सुधारणा झाली नाही. शिवाय ही माणसे निरोगी होती. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास कोडे औषध म्हणून लिहून देण्यास या चाचणीचा आधार नाही.

मग मी २४ तुकड्यांचे कोडे आणले. ४ ओळी, ६ रांगा. त्यांतील १६ तुकडे कडेचेच. नमुनाचित्र समोर ठेवले, वेळेचे बंधन काढले आणि शेजारी स्वतः बसलो. चूक झाली तरी दुरुस्त करण्याची घाई केली नाही. हरीण पुरे झाले तेव्हा अण्णांनी आहव्याच्या शाळेतील एका पावसाळ्याची हकीकत सांगितली. मी ती कधीच ऐकली नव्हती. त्यांचा आजार थांबलेला नाही. तरी संध्याकाळी डबा तेच काढतात.

सहव्यवसायी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. कोडे देताना तुकड्यांची संख्या रुग्णाच्या आजच्या क्षमतेनुसार ठरवावी, तो चिडला वा गप्प झाला तर ते तत्काळ सोपे करावे आणि त्याच्या शेजारी कोण बसणार, हे कुटुंबीयांना आवर्जून विचारावे. शेवटचा प्रश्न मी माझ्याच घरी विचारला नव्हता.