घोड्याची प्रकृती कशी ओळखावी?

मार्गशीर्षातील दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीच्या काठी मोठी यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांप्रमाणेच तेथील घोडेबाजारात येणाऱ्यांचीही दाटी असते. घोडा पाहावयास आलेला गिऱ्हाईक प्रथम त्याचा रंग पाहतो, मग अंगावरील भोवरे मोजतो. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी घोडा दिसला की भोवती माणसे जमतात. परंतु त्या गर्दीत एखादा जुना जाणकार मात्र बाजूला उभा राहून वेगळेच काही न्याहाळीत असतो. घोड्याचे पाय पांढरे आहेत की नाहीत यापेक्षा ते चारही जमिनीवर सारखे टेकतात की नाही, याकडे त्याचे लक्ष असते.

ही दृष्टी प्रत्येक अश्वपालकाने आत्मसात करावी अशी आहे. महाराष्ट्राला घोडा नवा नाही. मराठ्यांच्या घोडदळाची चपळाई भीमथडीच्या काटक तट्टांवर अवलंबून होती. आज रणांगण राहिले नाही. तथापि माथेरान, महाबळेश्वर यांसारख्या गिरिस्थानी, लग्नाच्या वरातीत आणि काही गावांतील टांग्यांना अद्याप घोडा लागतो. त्याच्या पाठीवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. असा घोडा अंथरुणाला खिळला, तर घरातील कर्ता माणूसच आजारी पडल्यासारखे होते. म्हणूनच आजार बळावल्यावर धावाधाव करण्यापेक्षा प्रकृतीतील पहिला बदल ओळखणे हेच अश्वपालनाचे खरे मर्म होय.

दुखणे लपविणारा प्राणी

घोडा हा मूळचा कळपाने राहणारा व हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणारा प्राणी. कळपात जो लंगडला तो प्रथम बळी पडला. त्यामुळे वेदना लपविण्याची वृत्ती त्याच्या रक्तातच उतरली आहे. बैल दुखण्याने हंबरतो, कुत्रा केकाटतो. घोडा मात्र बहुधा गप्प राहतो. त्याचे दुखणे आवाजातून नव्हे, तर बदललेल्या सवयीतून वाचावे लागते.

ते वाचावयाचे, तर निरोगी अवस्थेतील त्याचा नित्यक्रम पाठ असला पाहिजे. तो पाणी केव्हा पितो, चंदीचा तोबरा किती वेळात रिकामा करतो, रात्रीतून किती वेळा लीद टाकतो, कोणता पाय सैल सोडून उभा राहतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच आज काही बिघडले आहे हे कळते. आरोग्याचे आकडे पुस्तकात सापडतात. आपल्या घोड्याचा स्वभाव मात्र आपणच नोंदवून ठेवावा लागतो.

पहाटेची दहा मिनिटे

खोगीर चढविण्यापूर्वी रोज दहा मिनिटे पुढीलप्रमाणे तपासणी करावी.

प्रथम दुरूनच पाहावे. निरोगी घोडा चाहूल लागताच कान टवकारतो, मान वळवून पाहतो. डोळे पाणीदार व पूर्ण उघडे, नाकपुड्या कोरड्या किंवा किंचित ओलसर, कांती तुकतुकीत असते. कान मागे ताठरलेले, डोळ्यावरील भाग आवळलेला, जबड्याचे स्नायू ताणलेले आणि नाकपुड्या ओढलेल्या दिसल्यास वेदनेची शंका घ्यावी. चेहऱ्यावरील अशा सहा खुणांवरून घोड्याच्या वेदनेचे मापन करण्याची पद्धत शास्त्रज्ञांनी २०१४ साली मांडली. अनुभवी मोतद्दाराच्या नजरेला पूर्वीपासून जे जाणवत होते, त्याला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला.

उभे राहण्याची ढबही पाहावी. मागचा एखादा पाय सैल सोडून उभे राहणे स्वाभाविक आहे. परंतु पुढचा पाय वारंवार पुढे काढून त्यावरचा भार चुकविणे हे दुखण्याचे लक्षण समजावे. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

नंतर जवळ जाऊन हिरडी पाहावी. ती फिकट गुलाबी व ओलसर हवी. बोटाने दाबून सोडल्यास पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांत पूर्ववत गुलाबी झाला पाहिजे. जबड्याच्या खालच्या कडेशी बोटे टेकल्यास नाडी लागते. विश्रांतीच्या वेळी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. गुदद्वारात तापमापक लावून घेतलेले तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असावे. शिंगरांत हे आकडे अधिक असतात. दोन्ही कुशींना कान लावल्यास आतड्यांची गुरगुर ऐकू येते. ती अजिबात ऐकू न येणे हे चांगले लक्षण नव्हे.

शेवटी तबेल्याची जमीन पाहावी. निरोगी घोडा दिवसरात्रीत साधारणतः ८ ते १२ वेळा लीद टाकतो. लिदीचे गोळे ओलसर असून जमिनीवर पडताच किंचित फुटावेत. चघळून टाकलेले गवताचे बोळे आढळल्यास दाढांना धार आली असण्याचा संभव असतो. म्हणून वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत.

एका पहाटेचा धडा

कामानिमित्त एकदा मे महिन्यात माथेरानला जाण्याचा योग आला होता. तेथे दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव असल्याने पर्यटकांची घोड्यांना मोठी मागणी असते. भल्या सकाळी चार जणांचे एक कुटुंब घोडे ठरवीत होते. हंगामाचे दिवस, गिऱ्हाईक दारी आलेले; तरीही एका अश्वपालकाने आपल्या घोड्याचा आवळलेला तंग पुन्हा सोडला आणि खोगीर खाली उतरवले. वरवर पाहता घोड्याला काही झालेले दिसत नव्हते. कारण विचारता तो म्हणाला, "साहेब, रात्रीच्या चंदीतली मूठभर तशीच राहिलीय, अन् मध्यरात्रीपासून लीद नाही. सारखा कुशीकडं वळून बघतोय. दोन वर्षांमागं असंच बघूनही मी गिऱ्हाईक घेऊन गेलो होतो. संध्याकाळी लगाम तेवढा हातात घेऊन घरी आलो."

त्याने पुढचा चारा काढून घेतला, पशुवैद्याला निरोप धाडला आणि घोड्याला सावलीत सावकाश फिरवू लागला. दुपारी औषधोपचारानंतर घोड्याने लीद टाकली, तेव्हा त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले त्यापुढे त्या दिवसाची बुडालेली मिळकत काहीच नव्हती.

पोटशूळ हे घोड्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. घोड्याला ओकारी करता येत नाही आणि देहाच्या मानाने त्याचे जठर लहान असते. त्यामुळे पोटात अडकलेले अन्न किंवा कोंडलेला वायू जिवावर बेतू शकतो. कुशीकडे वळून पाहणे, पायाने जमीन उकरणे, वरचा ओठ वळविणे, वारंवार बसणे-उठणे, लोळणे आणि घाम फुटणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी चारा बंद करून पशुवैद्यास तात्काळ बोलवावे. बाटलीने तेल वा काढा घशात ओतण्याचा घरगुती उपाय करू नये. तो द्रव श्वासनलिकेत गेल्यास एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

चारा, चंदी आणि पाणी

मोकळ्या कुरणातील घोडा दिवसाचे १४ ते १६ तास थोडेथोडे चरत असतो. दिवसभर उपाशी ठेवून रात्री एकदम भरपूर चंदी घालणे हे त्याच्या पचनसंस्थेच्या अगदी विरुद्ध आहे. वाळलेले गवत हाच त्याचा मुख्य आहार समजावा. सुमारे ३०० किलो वजनाच्या घोड्यास रोज साधारण ६ किलो कोरडा चारा लागतो. हरभरा, जव, कोंडा यांची चंदी कामाच्या प्रमाणात द्यावी आणि एका वेळी दीड किलोपेक्षा अधिक घालू नये. चाऱ्यात वा चंदीत बदल करावयाचा झाल्यास तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. चंदी अतिरिक्त झाल्यास पोटशूळच नव्हे, तर खुराच्या आतील मऊ थरास सूज येण्याचा विकारही जडतो. असा घोडा पुढचे पाय लांबवून, भार मागे टाकून उभा राहतो आणि त्याचे खूर हातास गरम लागतात.

पोषण योग्य आहे की नाही हे बरगड्यांवरून कळते. त्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात. १९८३ साली रूढ झालेल्या १ ते ९ गुणांच्या मापनात अशा घोड्यास मधला, म्हणजे ५ हा गुण मिळतो.

पाणी स्वच्छ व सदैव हाताशी असावे. एवढ्या वजनाचा घोडा विश्रांतीतही रोज १५ ते २० लिटर पाणी पितो. उन्हातील कामाच्या दिवशी याच्या दुप्पट किंवा अधिकही लागते. घामावाटे क्षार जातात, म्हणून मिठाचा खडा चाटावयास ठेवावा. तापलेल्या घोड्यास पाणी पाजू नये व त्याच्या अंगावर थंड पाणी घालू नये, अशी जुनी समजूत आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांनी ती दूर केली. उन्हाने धापा टाकणाऱ्या घोड्यास सावलीत नेऊन त्याच्या सर्वांगावर थंड पाणी ओतत राहणे आणि मध्ये मध्ये पाणी पिऊ देणे हाच योग्य उपाय होय.

खूर, नाल व खोगीर

कामावर जाताना आणि कामावरून आल्यावर चारही खूर उचलून स्वच्छ करावेत. खडा, खिळा, चिखल काढावा. तळव्याच्या मऊ त्रिकोणी भागास दुर्गंधी येऊन काळा स्राव दिसल्यास खूर कुजू लागला आहे असे समजावे. ओल्या, लिदीने भरलेल्या जमिनीवर घोडा बांधल्याचा हा परिणाम असतो. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून, वाढलेला खूर छाटून मगच पुन्हा बसवावी. खूर नालेच्या मापाला घासण्याऐवजी नाल खुराच्या मापाची करणारा नालबंद निवडावा.

खरारा करताना पाठ, तंगाची जागा व ओठांचे कोपरे हाताने चाचपून पाहावेत. तेथे केस गळालेले, सूज किंवा जखम आढळल्यास ती पूर्ण बरी होईतो खोगीर चढवू नये. जखमेवर जाड फडके घालून काम चालू ठेवल्याने जखम झाकली जाते, बरी होत नाही.

रोगांपासून संरक्षण

खुराला लागलेली साधी जखमही धनुर्वातास निमंत्रण देते. घोडा या रोगास फार लवकर बळी पडतो. म्हणून त्याची प्रतिबंधक लस पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचून घ्यावी. घोडमाश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात ताप येतो-जातो, अंग झडते व पायांवर सूज येते. तबेला कोरडा ठेवणे आणि लिदीचा ढीग दूर नेणे हा माश्यांवरील पहिला उपाय होय. जंताचे औषध दर वेळी अंदाजाने न पाजता शक्य तेथे लीद तपासून द्यावे, अन्यथा जंत त्या औषधास दाद देईनासे होतात.

ग्लँडर्स हा रोग विशेष दक्षतेचा आहे. तो माणसालाही होतो व त्यावर लस नाही. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी व फुटणारे फोड दिसल्यास घोडा वेगळा बांधावा, त्याची भांडी निराळी ठेवावी आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे. २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. एकाने लपविलेला रोग साऱ्या वस्तीच्या घोड्यांना भोवतो. नवा आणलेला घोडा काही दिवस इतरांपासून दूर ठेवण्याची दक्षता यासाठीच घ्यावयाची.

काम आणि विसावा

भरल्या पोटाने व धडक्या पायांनीही घोडा सुखी असतोच असे नाही. तो उभ्याने डुलकी घेतो. परंतु गाढ झोपेसाठी त्याला रोज काही वेळ आडवे व्हावे लागते. आखूड बांधलेल्या किंवा ओल्या जागी उभ्या असलेल्या घोड्यास हे सुख मिळत नाही. दुसरा घोडा दिसेल अशी जागा, रोज थोडा वेळ मोकळे फिरणे आणि तोंडाला चघळावयास गवत, एवढ्यानेही त्याचा स्वभाव शांत राहतो. लाकूड कुरतडणे, जागच्या जागी सतत डुलणे या खोडी नसून बहुधा कोंडलेल्या जीवाची तक्रार असते.

गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम प्रत्येक मालकास ठाऊक हवेत. त्यांनुसार दिवसाकाठी नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. जेथे तापमान ३७ अंश सेल्सिअसहून अधिक असते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात काम घेण्यास मनाई आहे. नियम कायद्याचा असला तरी त्यातील हित मालकाचेच आहे. विसावलेला घोडा वर्षानुवर्षे साथ देतो.

यासाठी खर्च फारसा लागत नाही. एक वही आणि पहाटेची दहा मिनिटे पुरतात. वहीत नाल बसविल्याची तारीख, लस, जंताचे औषध, नेहमीची नाडी व तापमान लिहून ठेवावे. काही वेगळे आढळल्यास दवाखान्याशी किंवा १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा. घोडा आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. म्हणून त्याच्या तोबऱ्यात उरलेल्या मूठभर चंदीकडे त्याच्या धन्याने वेळीच पाहिले पाहिजे.