उशिराचा बटाटा

परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला की रानाला वाफसा येत नाही आणि बटाट्याची लागण मागे पडते. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावरचा बटाटा पावसाळी. खालच्या बागायती रानातला रब्बीचा. रब्बीची लागण मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबरात उरकली तर चिंता नाही. त्यापुढे गेली, तर ध्यानात ठेवायच्या गोष्टी या.

१. गेलेली थंडी परत येत नाही. बटाटा पोसतो तो रात्रीच्या गारव्यावर. रात्रीचा पारा २० अंशांच्या वर राहू लागला की झाड पाला वाढवतं, बटाटा नाही. डिसेंबरात लावलेलं पीक ऐन पोसायच्या दिवसांत फेब्रुवारीच्या उन्हात सापडतं.

२. म्हणून वाण कमी दिवसांचा घ्या. कुफरी ज्योती चवीला मलाही आवडते, पण तिला दिवस जास्त लागतात. उशिरा कुफरी पुखराज किंवा कुफरी लवकर बरा. ‘लवकर’ तर थोडं ऊनही सोसतो.

३. सगळ्यात जास्त दिवस वाचतात ते बेण्यात. शीतगृहातून काढलेलं बेणं त्याच दिवशी सरीत टाकलं तर ते उगवायलाच वेळ घेतं, काही सडतं आणि रान तुटक दिसतं. मंचरच्या बाजारात पंजाबचं बेणं येतं. ते घेतलं की गोणीतून मोकळं करून हवेशीर छपरीत, थेट ऊन लागणार नाही पण उजेड राहील असं पसरायचं. दहा-बारा दिवसांत डोळ्यांतून आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब फुटतात. अंधारात ठेवलेल्याचे कोंब लांब, पांढरे आणि नाजूक. टोपलीत टाकतानाच मोडतात. खोळंबलेल्या रानाची मशागत होईतो बेणं तयार होतं. फोड केलीच तर प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे हवेत. विळी औषधाच्या पाण्यात बुडवत राहा आणि फोडींची जखम सुकू द्या. खरिपात निघालेला घरचा बटाटा मात्र लगेच बेण्याला चालत नाही. त्याची झोप दोन-अडीच महिन्यांची असते.

४. एरवी मी दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवतो, उशिराला १५. बेणं जास्त लागतं, पण झाडावर बटाटे कमी लागणार हे धरून चालावं.

५. उशीर झाला म्हणून युरियाला हात सैल सोडू नका. रान हिरवंगार दिसतं, जाणारा-येणारा थांबून कौतुक करतो, आणि सरी उकरली की सुपारीएवढे बटाटे. नत्राचा उरलेला हप्ता महिन्याच्या आत, भर लावतानाच संपवायचा.

६. पाणी थोडं आणि वरचेवर. वरंबा निम्म्याच्या वर बुडवायचा नाही. ऊन वाढेल तशी पाळी जवळ आणायची. ओल राहिली की माती थंड राहते, बटाट्याला तेवढंच हवं असतं.

७. भर दुसऱ्यांदाही लावा. उशिराच्या पिकाला करप्यापेक्षा पाकोळीची भीती जास्त. माती भेगाळली की ती उघड्या बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालते आणि अळी आत शिरते. वर उन्हानं बटाटा हिरवा पडतो तो वेगळाच. तसला खायचाही नाही.

८. काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, पाला कापा, साल घट्ट होऊ द्या. खणलेला माल संध्याकाळपर्यंत रानात ठेवू नका. ढिगावर बटाट्याचाच पाला टाकायची सवय तर मोडाच, त्यातूनच पाकोळी आत जाते. घाणेरीचा किंवा कडुनिंबाचा पाला टाका. आणि हा माल साठवायच्या भानगडीत पडू नका, सरळ बाजारात न्या.

९. आमच्याकडच्या हवामानात २० डिसेंबर उलटला, तर व्यापारी उरलेलं बेणं कितीही स्वस्त देऊ दे, घेऊ नका. रान मोकळं ठेवा आणि जानेवारीच्या मध्यावर त्यात उन्हाळी भुईमूग पेरा.