बाळंतिणीच्या विश्रांतीचा खर्च कोणी सोसायचा?



आरोग्याच्या पानावर संसदेतली चर्चा कशाला, असे काही भगिनी विचारतील. पण बाळंतीण किती दिवसांनी कामावर जाते हे डॉक्टर ठरवत नाहीत, घरातला पैसा ठरवतो. आणि तो पैसा मिळणार की नाही, हे कायदा ठरवतो. म्हणून या वेळी आपण या कायद्याचाच अभ्यास करू.

आधी शरीराचे पाहू. बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्वीसारखे लहान व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. वार जिथे चिकटलेली होती, तिथली जखम आतून भरत असते. अशा वेळी पाण्याने भरलेल्या बादल्या उचलल्या, दिवसभर ओणव्याने फरशी पुसली, तर अंगावरून जाणे वाढू शकते, पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो. आधीच रक्त कमी असेल तर बाई उभी राहूच शकत नाही. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध हवे. आई दिवसभर बाहेर असली की वरचे दूध सुरू होते आणि बाटली स्वच्छ नसली की जुलाब लागतात. म्हणजे बाळंतिणीची विश्रांती ही चैन नाही. ती औषधाइतकीच गरजेची आहे. तरी आम्ही घरभेटीला जातो तेव्हा पंधरा दिवसांची बाळंतीण धुण्याभांड्याला गेलेली आढळते.

वाद जुनाच आहे

१९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. पुढे मुंबई विधिमंडळात असेच विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. गिरण्यांवर बोजा पडेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. लोकांचे कल्याण हे सरकारचे काम, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक मोकळा होत नाही, कारण बाईच्या श्रमावर तो नफा मिळवतो. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यातली दुरुस्तीही मांडली.

स्वतंत्र भारतात १९६१ साली संसदेने प्रसूती लाभ कायदा केला. त्यात १२ आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. राज्यसभेने हे विधेयक ११ ऑगस्ट २०१६ रोजी आणि लोकसभेने ९ मार्च २०१७ रोजी मंजूर केले. सुमारे १८ लाख महिला कामगारांना फायदा होईल, असे सरकारने सांगितले. सदस्यांनी तेव्हाच विचारले, असंघटित क्षेत्रातल्या बायकांचे काय? बापाला रजा का नाही? सगळा खर्च मालकाच्या माथी मारला तर तो बायकांना कामावर घ्यायचेच टाळणार नाही का? प्रश्न बरोबर होते. विधेयक मात्र त्यांचे उत्तर न देताच मंजूर झाले.

असंघटित बाईसाठी वेगळी वाट होती. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याची तरतूद आहे. सरकारी नोकरीत असलेल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. प्रत्यक्षात २०१७ पासून आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे बाळ मुलगी असेल तरच ६,००० मिळतात. हिशेब करा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ५,००० रुपयांना १८२ ने भागले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही होत नाहीत. एका बाईला पूर्ण पगार, दुसरीला दिवसाला सत्तावीस रुपये. गर्भाशय भरून यायला दोघींना सारखेच दिवस लागतात.

२०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता आली. २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने ती मंजूर केली, तेव्हा विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला होता. म्हणजे उलट प्रश्न विचारणारे सभागृहात नव्हतेच. या संहितेत संघटित क्षेत्रासाठी २६ आठवडे कायम आहेत. असंघटित कामगारांसाठी मात्र सरकार आरोग्य आणि प्रसूती लाभाच्या योजना आखेल, एवढेच म्हटले आहे. किती आठवडे, किती रुपये, याचा आकडा नाही.

आज आपल्या हातात काय आहे

१) दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या दुकानात, आस्थापनेत किंवा कारखान्यात गेल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले असेल, तर रजेचा हक्क आहे. रोजंदारीवरच्या बायकांनाही तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितले. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. गर्भपात झाला तरी सहा आठवड्यांची रजा आहे.

२) ठेकेदाराकडे सफाईचे किंवा इतर काम करत असाल आणि पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर आपला विमा क्रमांक मागून घ्या. प्रसूती रजेचा पगार तिथून मिळतो.

३) मातृवंदना योजनेसाठी पाळी चुकताच आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे नाव नोंदवा. पहिल्या सहा महिन्यांत एक तपासणी झाली की ३,००० रुपये आणि बाळाची जन्मनोंद व चौदा आठवड्यांपर्यंतचे डोस झाले की २,००० रुपये. आधार आणि बँक खाते जोडलेले ठेवा.

४) जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या बाईला सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर शहरात ६०० आणि खेड्यात ७०० रुपये मिळतात. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. बौद्ध आहोत म्हणून नाकारले, तर सांगा की १९९० साली संसदेने कायदा बदलून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे.

५) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा आणि लेखी तक्रार द्या.

आणि पैसा मिळो न मिळो, बाळंतिणीचे अंगावरून जाणे अचानक वाढले, ताप आला, स्रावाला घाण वास आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

मंडळात चर्चेसाठी

कोणतेही विधेयक आले की तीन प्रश्न विचारायची सवय लावू. कोणाला मिळणार? पैसे कोण देणार? अट कोणती? या महिन्यात विहारातल्या महिला मंडळाने वस्तीतल्या गरोदर आणि स्तनदा मातांची यादी करावी. कोणाला काय मिळाले, कोणाचे काय अडले, ते नावासमोर लिहावे. मग ती यादी जोडून आपल्या खासदारांना एक पत्र द्यावे. घरकाम करणाऱ्या आणि रोजंदारीवरच्या बाईला किती आठवड्यांची मजुरी मिळणार, हा प्रश्न त्यांनी सभागृहात विचारावा, अशी मागणी करावी. उत्तर आले तर या पानासाठी पाठवा, आम्ही छापू. आले नाही, तर तेही छापू.