जोडणीचा भरवसा : विमान व अवकाश उद्योगातील पुरवठादारांचे सहकार्य

शिंदखेडा तालुक्यातील कोणत्याही बाजाराच्या गावी वेल्डिंगचे एखादे दुकान असतेच. ट्रॉलीचा तुटलेला हूक, नांगराचा फाळ, दाराची चौकट अशी कामे तेथे होतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी अनेक तरुण एक वर्षाचा वेल्डरचा अभ्यासक्रम पूर्ण करतात व नरडाणा, नाशिक किंवा सुरतेची वाट धरतात. हीच विद्या विमानात आणि अग्निबाणातही वापरली जाते. तेथे हाताचे कसब अधिक लागते, हे खरेच. परंतु काम देणारा आणि काम करणारा यांच्यातील नाते तेथे निराळे असते, हा त्याहून महत्त्वाचा भेद होय. हे नाते समजून घेणे ग्रामीण भागालाही उपयोगाचे आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

निफाड तालुक्यातील ओझर येथे मिग-२१ विमानांच्या उत्पादनासाठी १९६४ मध्ये कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. एका ठिकाणचे माप चुकले तर दुसऱ्या ठिकाणचा भाग बसणार नाही, हे उघड होते.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार करता करता तेथील कार्यशाळा अग्निबाणांची मोटर-कवचे बनवू लागली. मुंबईतील पवई येथेही अशी कवचे तयार झाली, तर विक्रोळीत द्रव इंधनावरील ‘विकास’ इंजिने बनली. २००८ मध्ये चांद्रयान-१ आणि २०१३ मध्ये मंगळयान घेऊन गेलेल्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते. ते सामावणारे कवच २.८ मीटर व्यासाचे असून पाच खंड जोडून तयार होते. त्यासाठी मॅरेजिंग पोलाद वापरतात. यात सुमारे १८ टक्के निकेल असते व कार्बन जवळजवळ नसतोच. प्रथम मऊ स्थितीत वेल्डिंग करून नंतर सुमारे ४८० अंश सेल्सिअस तापमानात ठेवले की ते अत्यंत बळकट होते.

डोळ्यांना न दिसणारा दोष

वेल्डिंगला या उद्योगात ‘विशेष प्रक्रिया’ मानतात. भोक पाडले तर त्याचे माप घेता येते. पण सांधा आतून एकजीव झाला की नाही, हे तो तोडल्याखेरीज पूर्णपणे सिद्ध करता येत नाही. क्ष-किरण व श्राव्यातीत ध्वनीच्या तपासण्या पुष्कळ काही दाखवतात, तरी त्यांनाही मर्यादा आहेत.

अमेरिकेत १९६५ च्या एप्रिलमध्ये याचा प्रत्यय आला. मॅरेजिंग पोलादाचे सुमारे ६.६ मीटर व्यासाचे एक प्रचंड मोटर-कवच पाण्याच्या दाबाने तपासले जात होते. ठरलेल्या दाबाच्या निम्म्याहून थोडा अधिक दाब येताच ते फुटले. चौकशीत असे आढळले, की सांध्याची जेथे दुरुस्ती झाली होती तेथे एक लहानसा दोष तपासणीतून सुटला होता. एवढे मोठे कवच फुटण्यास तेवढा दोष पुरेसा ठरला.

सहकार्य म्हणजे काय ?

म्हणूनच या उद्योगात पुरवठादार केवळ दर भरून माल देणारा राहत नाही. आराखडा पक्का होण्यापूर्वीच त्याचा सल्ला घेतला जातो : येथे टॉर्च पोहोचेल काय ? उष्णतेने पत्रा वाकेल काय ? त्यानंतर नमुन्याचे तुकडे जोडून, तोडून, ताणून पाहतात व वेल्डिंगची पद्धत लेखी ठरवतात. त्या पद्धतीसाठी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वेल्डरनेच काम करावयाचे असते. पत्रा कोणत्या ओतीचा, तार कोणती, वायू कोणता, सांधा कोणी व कधी केला, याची नोंद त्या भागाबरोबर आयुष्यभर राहते.

सर्वांत कठीण भाग म्हणजे दोष कळवणे. बिघडलेला सांधा गुपचूप भरून देणाऱ्यापेक्षा ‘येथे चूक झाली, काय करावे ?’ असे विचारणारा पुरवठादार अधिक मोलाचा असतो. मात्र ऐकणाऱ्यानेही ऐकले पाहिजे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या खंडांमधील जोडाचे रबरी कडे कडाक्याच्या थंडीत निकामी ठरले होते. ही भीती पुरवठादार कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बोलून दाखवली होती. पण वरिष्ठांनी ती बाजूस सारली.

तालुक्याने काय घ्यावे ?

शिंदखेड्यातील प्रत्येक कार्यशाळेने अग्निबाण बनवावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु या शिस्तीचा आरंभ एका वहीपासून होऊ शकतो. प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांनी विद्यार्थ्याला सांधा करावयास सांगावाच. शिवाय तो कापून आत पाहावयास व आढळलेला दोष स्वतःच्या हाताने लिहावयास लावावे. दोष लिहिल्याबद्दल गुण कापू नयेत. दमट इलेक्ट्रोडमुळे सांध्यात तडे जाऊ शकतात, ही साधी गोष्ट अशा नोंदीतूनच पक्की होते.

पंचायत सदस्यांचाही येथे संबंध येतो. पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा, शाळेचे फाटक, पुलाचा कठडा ही कामे देणारी संस्था पंचायतच असते. केवळ सर्वांत कमी दर न पाहता सांधा कोणी केला, कोणते साहित्य वापरले व तपासणी कोणी केली, हे तिने लेखी मागावे. आणि कारागिराने आराखड्यातील उणीव दाखवली तर ती ऐकून घ्यावी. अग्निबाण आकाशात जातो. पण पाण्याच्या टाकीखालून रोज मुले शाळेत जातात. त्या सांध्याचा भरवसाही तितकाच मोलाचा आहे.