पाण्यातील घातक जिवाणूंचा विद्युत-शोध

दिसावयास निर्मळ असलेले पाणी पिण्यास योग्य असतेच असे नाही. पाण्यात मैल्याचा शिरकाव झाल्याची साक्ष ‘ई-कोलाय’ हा जिवाणू देतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात तो मुळीच आढळता कामा नये.

प्रयोगशाळेत हा जिवाणू पोषक द्रव्यावर वाढवून ओळखतात. त्यास साधारणतः २४ ते ४८ तास लागतात. गावपातळीवरील हायड्रोजन सल्फाइडची बाटली दूषित पाण्याने काळी पडते. तीही जवळपास एवढाच वेळ घेते. तोवर गाव तेच पाणी पीत असते. हा मधला काळ कमी करणे, हाच विद्युत-रासायनिक संवेदकाचा उद्देश होय.

संवेदकाची रचना

लहानशा पट्टीवर कार्बनचे विद्युत-अग्र असते. त्यावर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा किंवा ग्राफीनचा थर देतात. हे कण नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात, मोजले जातात. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. या विस्तीर्ण पृष्ठभागावर विशिष्ट जिवाणूलाच पकडणारी प्रतिपिंडे बसवितात. जिवाणू पकडला गेला, की विद्युतप्रवाहास अडथळा होतो व उपकरण तो मोजते. मधुमेही व्यक्ती घरी रक्तातील साखर तपासतात, ती पट्टी याच कुळातील होय.

मर्यादा

पट्टीवर पाण्याचा एखादाच थेंब मावतो. १०० मिलिलिटर पाण्यात असे सुमारे २,००० थेंब असतात. म्हणून नमुना गाळून जिवाणू आधी एकवटावे लागतात. गढूळ पाण्यातील इतर द्रव्ये पट्टीवर बसून निष्कर्ष चुकवू शकतात. शिवाय क्लोरीनने मेलेला जिवाणूही प्रतिपिंडांस चिकटू शकतो. यास्तव संवेदकाने दिलेला इशारा प्रयोगशाळेत पडताळून पाहणे अगत्याचे आहे.

ग्रामपंचायतींनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शुद्धीकरण कोणत्याही चाचणीसाठी थांबता कामा नये. पाण्यात उर्वरित मुक्त क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आहे किंवा नाही, हे काही मिनिटांत आजही पाहता येते. संवेदक दूषितपणाची वर्दी लवकर देईल. परंतु फुटलेली जलवाहिनी वा विहिरीलगतचे गटार शोधून दुरुस्त करणे, हे काम गावालाच करावयाचे आहे.