उंबराची नगरी आणि आपट्याचे सोने

अमरावती हे नगर श्री अंबादेवी व श्री एकवीरादेवी यांच्या अधिष्ठानाने पावन झाले आहे. कौंडिण्यपूरची राजकन्या रुक्मिणी विवाहापूर्वी अंबादेवीच्या दर्शनास आली असता भगवान श्रीकृष्णांनी येथूनच तिचे हरण केले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या नगराचे प्राचीन नाव ‘उदुंबरावती’. उंबरवृक्षांच्या दाटीवरून ते पडले व पुढे उंबरावती, उमरावती या रूपांतून ‘अमरावती’ हे नाव रूढ झाले, असे परंपरेने मानले जाते. ज्या नगराला वृक्षाने नाव दिले, तेथील वृक्षसंपदेची ओळख यात्रेकरूंनी करून घेणे उचित होय.

उंबर हा श्रीदत्तात्रेयांचा वृक्ष. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान कारंजा (लाड) हेही वऱ्हाडातीलच. दुर्मीळ वस्तूस आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. परंतु उंबरास फुले असतात. ज्याला आपण फळ समजतो, त्याच्या पोकळीतच असंख्य सूक्ष्म फुले दडलेली असतात. एक चिमुकला कीटक आत शिरून अंडी घालतो व त्याच वेळी परागसिंचनही करतो. उंबर फोडल्यावर दिसणारे ‘किडे’ ते हेच. या वृक्षास वर्षातून अनेकदा बहर येत असल्यामुळे, इतर झाडे रिकामी असतानाही महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, तांबट, वटवाघूळ, खार व वानर यांचे पोषण होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमिगत पाण्याच्या खुणांमध्ये उंबराची गणना आहे.

नगराभोवतीचा दगडी परकोट निजामाच्या अमदानीत पेंढाऱ्यांच्या उपद्रवापासून रक्षणासाठी उभारला गेला. जवाहर गेट, अंबा गेट ही नावे त्याचेच स्मरण देतात. परकोटाबाहेर वडाळी तलाव व छत्री तलाव हे ब्रिटिश अमदानीत शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले जलाशय आहेत. त्यांच्या पलीकडे पोहरा-मालखेडचे वन पसरले आहे. साग, पळस, तेंदू, मोह, धावडा, आपटा अशा वृक्षांचे हे शुष्क पानझडी वन रोही, रानडुक्कर, सायाळ, मोर व बिबट्या यांचा आश्रय आहे.

या वनाचा व देवीच्या उत्सवाचा संबंध विजयादशमीस येतो. त्या दिवशी सीमोल्लंघन करून आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून दिली जातात. यामागील कथा बहुश्रुत आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे आला. राजासाठी कुबेराने वृक्षावर सुवर्णवृष्टी केली. कौत्साने मात्र गुरूस देय असलेल्या चौदा कोटी मुद्राच घेतल्या. उरलेले सुवर्ण लोकांस वाटण्यात आले. ढीग समोर असतानाही गरजेपुरतेच घ्यावे, हे या कथेचे सार होय.

आज व्यवहार याच्या उलट दिसतो. सोन्यासाठी पानेच नव्हे, तर आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. पावसाळा संपून पानझड सुरू होण्यापूर्वीचा हा काळ असतो. पुढील कोरड्या महिन्यांसाठी झाड याच पानांच्या बळावर अन्न साठवते. अशा वेळी फांद्या मोडल्यास झाड दुर्बळ होते व वर्षानुवर्षे तसेच होत राहिल्यास खुरटते. शिवाय आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद असते व फूल बारीक, फिकट पिवळसर असते. कांचनाचे पान मोठे व फूल ठसठशीत, गुलाबी, जांभळे वा पांढरे असते. भ्रमाने दोन्ही वृक्षांची हानी होते.

यास्तव भाविकांनी पुढील नियम पाळावेत. सोने म्हणून एकच पान द्यावे. आप्तेष्टांस नमस्कार व शुभेच्छा पुरेशा आहेत. वनात शिरून फांद्या तोडू नयेत. निर्माल्य व प्लास्टिक तलावांत टाकू नये. वानरांस प्रसाद खाऊ घालू नये. त्यांचे अन्न वृक्षांवर आहे. ज्यांच्या अंगणात जागा आहे, त्यांनी आपट्याचे एक रोप लावावे आणि शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ उंबर राखावा.

देवीच्या चरणी अर्पण केलेले पान दुसऱ्या दिवशी सुकते. लावलेले झाड मात्र पुढील पिढ्यांनाही सोने देत राहते. जगदंबा सर्वांस हीच सद्बुद्धी देवो.